काटेबाईंची लेन्स

काटेबाईंचं आडनाव काटे नव्हे. पोस्टाच्या पार्सल खिडकीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षं वजनकाट्याकडे बघितलं ते केवळ नियमाखातर, म्हणून हे नाव पडलं. खोकं तळहातावर घ्यायचं, जरासं उडवल्यासारखं करायचं आणि आकडा सांगायचा. काटा मागाहून तोच आकडा दाखवी. एकदा वीस ग्रॅमचा फरक पडला, तेव्हा बाईंनी काटा दुरुस्तीला पाठवला. ऑफिसात यावरून भरपूर चेष्टा झाली, पण दुरुस्तीवाल्याने बाईंचीच बाजू घेतली.

निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटा कॅमेरा घेतला. जन्मभर खोक्यांवर ज्या गावांची नावं वाचली ती गावं आहेत तरी कशी, हे स्वतः जाऊन बघायचं आणि लोकांना दाखवायचं असं ठरलं. हात लांब करून कॅमेरा आपल्याकडे वळवायचा आणि चालता चालता बोलायचं. बोलण्यात बाई कधीच कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांचे व्लॉग बघणारे चारशेच्या घरात गेले. एकच अडचण होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स हातभर अंतरावरून दाखवून दाखवून काय दाखवी, तर बाईंचं नाक, चष्मा आणि कानामागे चिमूटभर गाव. एकाने खाली लिहिलं, "काकू, गाव छान असावं." बाईंना ते भलतंच झोंबलं.

"अगं, मी येतो ना," त्यांचे यजमान म्हणाले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. "कॅमेरा मी धरतो, तू नुसतं बोल."

ऐकायला किती गोड. पण बाईंना ते नको होतं. मास्तरांनी काढलेला त्यांचा प्रत्येक फोटो एकाच घाटणीचा होता. मागची इमारत झोकात, आणि खाली कोपऱ्यात बाई, 'जरा डावीकडे सरक' हे ऐकून सरकलेल्या. आधी वडील, मग साहेब, मग मास्तर, प्रत्येकाने त्यांना कुठे उभं राहायचं ते सांगितलं होतं. आता ते त्यांचं त्या ठरवणार होत्या. पुढच्या आठवड्यात डोंगरातल्या एका गावी दोन दिवस जायचं होतं. आपण आणि गाव दोन्ही मावतील अशी लेन्स मिळाली तर एकटीने. नाही मिळाली तर मास्तरांना बरोबर न्यायचं, असं त्या एकदा बोलून बसल्या होत्या आणि तेव्हापासून स्वतःवरच चरफडत होत्या.

लेन्सच्या दुकानात मास्तरही आले. दुकान एका बाईचं होतं. गळ्यात दोन चष्मे, गिऱ्हाइकाला मधाचं बोट लावायची सवय नाही.

"किती रुंद हवंय?" दुकानवालीने विचारलं.

"मी आणि गाव," काटेबाई म्हणाल्या. "आणि किंमत पेन्शनीत बसणारी."

दुकानवालीने दोन लेन्स काढल्या. किमती साधारण सारख्या. पहिली वापरलेली, पण एके काळची भारी वस्तू. धातूची, पुढे वाटीएवढी काच, रुंदपासून जवळपर्यंत फिरणारी. जुनी असल्यामुळे नव्या कॅमेऱ्याला जोडायला मध्ये एक कडं बसवावं लागे. काटेबाईंनी ती तळहातावर घेतली आणि जराशी उडवली. दुकानवालीने झेलायला दोन्ही हात पुढे केले.

"चारशे दहा ग्रॅम. कड्यासकट."

दुकानवालीने काट्यावर ठेवून पाहिलं. चारशे दहा. मग दोन्हीतला एक चष्मा चढवून तिने काटेबाईंकडे पुन्हा पाहिलं.

दुसरी लेन्स नवी, प्लास्टिकच्या अंगाची, लिंबाहून थोडी मोठी. तिच्यावर अकराचा आकडा होता. "इथे आकडा लहान तेवढं दिसणं मोठं," दुकानवाली म्हणाली. काटेबाईंनी ती हातात घेतली आणि त्यांचं नाक वर गेलं. एकशे ऐंशी. पार्सल खिडकीवर खोकं असं हलकं लागलं की त्या विचारायच्या, आत काही घालायचं राहिलंय का?

"ही मोठीच द्या," त्या म्हणाल्या. "चारशे दहा म्हणजे आमच्या लेखी पोस्टकार्ड."

"बाहेर जाऊन बोलून बघा आधी," दुकानवाली म्हणाली. "तुम्ही जितका वेळ बोलता तितका वेळ."

काटेबाई फुटपाथवर गेल्या. हात लांब केला, बटण दाबलं आणि रस्त्याची माहिती सांगू लागल्या. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला दंडात कळ आली. तिसऱ्याला हात खाली येऊ लागला आणि मास्तर पुढे होऊन त्यांच्या कोपराखाली हात धरायला लागले.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी काढला. कॅमेराही खाली आला. पडद्यावर पाहिलं तर शेवटचा सगळा भाग बाईंची हनुवटी आणि वर आभाळ. रस्ता कुठेच नाही. काटेबाईंनी कबूल केलं, आणि हे त्यांच्याकडून क्वचितच होई, की आपण चुकलो. वजन बरोबर सांगितलं होतं. पण एकतीस वर्षांत प्रत्येक खोकं त्यांनी पोटाजवळ धरून तोललं होतं. हातभर लांब धरून एकही नाही.

मग ती हलकी लेन्स बसवली. दुकानवालीने तिच्या खोडीही सांगून टाकल्या. अंधाऱ्या खोलीत चित्र रवाळ येईल. जवळचं हवं असेल तर लेन्स फिरणार नाही, आपणच चार पावलं पुढे जायचं. कडेला जो येईल तो ताणलेला दिसेल. "आणि चालतानाची थरथर काढायचं बटण दाबलंत की कॅमेरा चारी बाजूंनी चित्र कातरतो. म्हणून लागेल त्याहून रुंदच घ्यावी."

काटेबाई पुन्हा निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. आठ मिनिटं अखंड बोलल्या. हात जिथे होता तिथेच होता. दारात येऊन त्यांनी चित्र लावलं. मधोमध त्या, मागे अख्खा रस्ता, दोन्ही बाजूंची दुकानं, वरच्या गॅलरीत वाळणारे कपडेसुद्धा. बाई मनापासून खूश झाल्या.

आणि अगदी कडेला मास्तर होते. लेन्सने आडवे ताणलेले, दोन पावलं मागे, कोपराखाली धरायला हात पुढे केलेला. आठही मिनिटं तसाच.

"मला वाटलं मी चित्राच्या बाहेर आहे," मास्तर ओशाळून म्हणाले.

"आता तरी पटलं ना, कॅमेरा माझा मी धरते?"

"ते मला आधीच पटलेलं होतं," मास्तर म्हणाले. "मला दोन दिवस घरात एकट्याने काढणं जिवावर आलंय. एवढंच आहे ते."

इतक्या सरळ त्यांनी हे सांगितलं की काटेबाईंनी हातातला कॅमेरा बंद केला. त्यांना फार वाईट वाटलं. न्यावं का बरोबर, असंही मनात आलं, आणि बराच वेळ ते तिथेच राहिलं. त्यांनी पैसे दिले, छोटी लेन्स पिशवीत ठेवली, मास्तरांचा हात धरून रस्ता ओलांडला, समोरच्या एसटी स्टँडच्या तिकीट खिडकीवर गेल्या आणि तिकीट एकाचंच काढलं.

"गुरुवारी संध्याकाळी सहाला परत येते," त्या म्हणाल्या. "घ्यायला या."

"साडेपाचलाच येतो," मास्तर म्हणाले.