उन्हात ओढलेला रोल

बायकोला हे माहीत नाही. कॉलेजातल्या कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. आज तुम्हाला सांगतोय, तेही बोलून नाही, लिहून. बोलायला गेलो की तोंडातून दुसराच विषय निघतो. इतकी वर्षं तसंच होत आलंय.

आधी टेबलाबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

मी लातूरला एका तंत्रनिकेतनात शिकवतो. पंधराएक वर्षं झाली असतील — बोटानं चालणारे फोन आमच्याकडे तेव्हा कुठे दिसू लागले होते. मी ठरवलं, आपण अख्खं टेबलच तसं करायचं. दहाही बोटं एकदम ठेवली तरी ओळखणारं. इंटरनेटवर लोकांनी घरच्या घरी करून दाखवलं होतं. वर जाड ॲक्रिलिक, त्याच्या कडांना डोळ्याला न दिसणारा उजेड देणारे बारके दिवे, खाली जुना प्रोजेक्टर आणि एक वेबकॅम. वर बोट टेकलं की तिथला उजेड खाली सांडतो, कॅमेऱ्याला पांढरा ठिपका दिसतो. सांगायला एवढंच. करायला अख्खा उन्हाळा गेला. स्टाफरूममध्ये थट्टा चालायची — "काय सर, कॅरम खेळायला कवा येऊ?" मी हसायचो. आतून जळायचो.

अडलं कॅमेऱ्यापाशी. त्याला प्रोजेक्टरचं चित्रही दिसायचं, आणि त्या रंगांत बोटं हरवायची. दिसणारा उजेड अडवून न दिसणारा तेवढा आत सोडायचा, तर फोटोच्या रोलचा काळा तुकडा लागतो. रोल उन्हात उघडा करायचा, मग धुऊन आणायचा — काळाकुट्ट होऊन येतो. त्यातला नखाएवढा कापून कॅमेऱ्यापुढे लावायचा. पण डिजिटल कॅमेरे आले होते, दुकानांतून रोल गेले होते. दोन ठिकाणी विचारलं आणि थांबलो. हैदराबादहून मागवता आला असता. नांदेडला नीट शोधला असता तर मिळालाही असता. कॉलेजचं प्रदर्शन तोंडावर आलंय, असं मी स्वतःला सांगत होतो.

आणि माझ्या कपाटात एक रोल होता. कॅमेऱ्यात भरलेला. अण्णाचा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, नांदेडचा. फोटोचा लई नाद. घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यानंच काढलेले, म्हणून त्याचा स्वतःचा एक धड नाही — कायम कॅमेऱ्यामागे. एकदा तो, वहिनी आणि बालवाडीतली गौरी असे तिघं माहूरला गेले. त्या दिवशी वहिनींनी हट्टानं त्याच्या हातातून कॅमेरा घेतला आणि बापलेकीचे फोटो काढले. गडाच्या पायऱ्यांवर, खांद्यावर बसवून, शेंगा सोलताना. पुढे थोड्याच दिवसांत कावीळ झाली आणि अण्णा गेला. रोल कॅमेऱ्यात तसाच. वर्षभर वहिनींना त्या कॅमेऱ्याला हात लाववेना. मग एकदा मी नांदेडला गेलो, तेव्हा जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "भाऊजी, एवढा रोल धुऊन आणा. गौरीला तिचा बाप दाखवायचा हाय."

हे वाक्य मी विसरलो नव्हतो. आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्ही माझ्यासाठी एखादी पळवाट शोधाल — माणसं शोधतात.

दुपार होती. कॉलेजच्या गच्चीवर गेलो, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रोल ओढला. कितीतरी लांब निघतो तो. चकचकीत. पापड उलटून वाळवावेत तसा दोन्ही बाजूंनी उन्हात फिरवला. काय वाटलं? तेच तर सांगायचंय — काहीही वाटलं नाही. कुठे सावली राहू नये, एवढीच काळजी घेतली.

रोल धुवायला दिला, त्या स्टुडिओतले चाचा हळहळले. "पूरा काला हो गया सर. ढक्कन कौन खोले?"

मी म्हणालो, "घरी कुणीतरी."

बघा — वहिनींनी अजून विचारलंही नव्हतं, आणि खोटं तयार होतं.

टेबल चाललं. झकास चाललं. वर पाण्याचं चित्र, बोट टेकेल तिथे तरंग. प्रदर्शनात रांग लागली, कॅरमवाले सर सगळ्यांत पुढे. दिराचं कौतुक बघायला वहिनी गौरीला घेऊन नांदेडहून आल्या. गौरीनं दोन्ही तळवे ठेवले, मग वहिनींनीही ठेवले. "अगं बाई! ह्याला बोटं कशी दिसून राहिली भाऊजी?" मी समजावलं, खाली कॅमेरा आहे, त्याच्यापुढे एक काळा तुकडा लावलाय. "कशाचा?" — "प्लास्टिकचा."

बाजूच्या पडद्यावर मायलेकींच्या बोटांचे पांढरे ठिपके हलत होते. ते कशातून दिसत होते, हे तिथे मला एकट्याला माहीत होतं.

एसटी स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा त्यांनी रोलचं विचारलं. काहीच आलं नाही म्हणालो, आत उजेड गेला होता. त्यांनी गौरीच्या रिबिनी उगाच सोडून पुन्हा बांधल्या. मग म्हणाल्या, "मीच उघडलं व्हतं हो झाकण. रोल हाय का न्हाई बघायला. लगेच लावलं व्हतं, भाऊजी."

क्षणभर झाकण उघडलं तर वरवरचे दोन-तीन फोटो जातात, आतले राहतात. मला माहीत नव्हतं का? होतं. हे एवढंच बोललो असतो तरी — पण मग उरलेले कुठे गेले, असं त्यांनी विचारलं असतं. मी म्हणालो, "असू द्या वहिनी. होतं असं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी — त्यांना.

पुढे कधीतरी कपाट आवरताना आमच्या लग्नाच्या निगेटिव्हचं पाकीट हाती आलं. पहिल्या पट्टीचं टोक काळंकुट्ट होतं. रोल भरताना तेवढ्याला उजेड लागतोच. नखापेक्षा कितीतरी मोठा तुकडा. अण्णाचा कॅमेरा ज्या कपाटात ठेवला होता त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. अण्णाच्या रोललाही तसंच टोक असणार. धुवायला दिला असता तर त्याचे फोटो आले असते आणि माझा तुकडाही. पाकीट होतं तिथे ठेवून दिलं.

यंदा गौरीचं लग्न ठरलं. साखरपुड्याला नांदेडला गेलो होतो. लग्नात पडद्यावर लावायला तिला लहानपणचे फोटो हवे होते. पंगतीत माझ्यापुढे येऊन बसली. "काका, बाबांसोबतचा माझा एकतरी असेल ना तुमच्याकडे?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलल्या. "काकाला काय विचारतीस? माझ्याच हातानं घालवलं मी ते." किती सहज बोलल्या — खूप वेळा म्हणून गुळगुळीत झाल्यासारखं. आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

मी ती खाल्ली.

टेबल कधीच मोडून ठेवलंय. वेबकॅम तेवढा ड्रॉवरमध्ये होता. परवा उघडला, तुकडा काढला, खिडकीशी धरला. ही पायरी होती, की अण्णाचा खांदा, की गौरीच्या हातातली शेंग? काही कळत नाही. नुसता काळा आहे.

वहिनी, तुमच्या हातानं काही गेलं नाही. झाकण मी उघडलं. रोल मी ओढला, भर उन्हात, शेवटपर्यंत.