अण्णांचं मँडोलिन आणि माझं थिनर

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. माल हातात आला की आधी कागद मागायचा, कागद नसला की माल बाजूला काढायचा, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. ती घरी आणायची काही गरज नव्हती. पण मी आणली, आणि आणली ती नेमकी बापावर.

अण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, एक जुनं मँडोलिन होतं. बीडकडचं गाव सोडून ते पिंपरीत कामाला आले तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात हे. त्यांचं म्हणणं, ते त्यांच्या थोरल्या भावानं केलेलं. भाऊ सुतार. एका लग्नात बँडवाल्याकडं मँडोलिन बघितलं आणि महिना-दोन महिने खपून तसंच एक बनवलं. पुढं ऐन पंचविशीत तो तापानं गेला. मी काही त्या काकांना पाहिलेलं नाही.

कारखान्याच्या गुरुवारच्या सुट्टीला अण्णा आमच्या दिघीच्या घरी गॅलरीत बसून ते वाजवायचे, आणि कुणी आलं की ही गोष्ट सांगायचे. मग मी मध्ये तोंड घालायचो. एवढं सफाईदार काम खेड्यातला सुतार करतोय होय? बाजारातनं जुनं उचललं असेल आणि तुम्हाला थाप मारली असेल, असं चारचौघांत म्हणायचो. पाहुणे हसायचे. अण्णा एवढंच म्हणायचे, आत बघ की, त्यानं लिहून ठिवलंय. मी कधी वाकून बघितलं नाही. त्यांना फार काही नको होतं. पोरानं एकदा 'खरंय' म्हणावं, बस. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. अक्कल पाजळायची हौस, दुसरं काय!

नंतर काचबिंदूनं त्यांची नजर गेली. वाजवणं चालूच होतं, बोटांना डोळे लागत नाहीत.

आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीन अशी लख्ख करतात की विचारू नका. थिनरनं पुसायची, पत्रा घासायचा, रंगाचा हात मारायचा, मग हार आणि नारळ. मळकं हत्यार पूजेला ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, असं आम्ही सगळेच मानतो. त्या वर्षी अण्णा चार दिवस निघोज्याला माझ्या बहिणीकडं गेले होते. मी घरी पाटावर ड्रिल, पाने, पक्कड मांडली आणि मला वाटलं, अण्णांचं हत्यार तेवढं का राहावं? तारा काढल्या. वरचं जुनं पॉलिश काचपेपरनं घासून काढलं, नवं चढवलं. मग काठीला फडकं गुंडाळलं, थिनरमध्ये बुडवलं आणि भोकातून आत घालून पोट कसं स्वच्छ पुसून काढलं. फडकं जांभळट झालं. म्हटलं, बापरे, किती वर्षांचा मळ! स्वतःवर खूश झालो मी.

अण्णा परत आले. त्यांनी त्यावरून हात फिरवला, गुळगुळीत झालंय म्हणाले आणि ठेवून दिलं. मी ते कौतुक समजलो.

काही महिन्यांनी तारेची एक खुंटी मोडली म्हणून ते पिंपरी कॅम्पात एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेलं. हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस. म्हटलं, आलोच आहे तर विचारू, हे कुठलं आणि कधीचं? त्यानं स्क्रू पाहिले, सगळे एका खाचेचे, जुन्या पद्धतीचे, आणि कुठलेही दोन सारखे नव्हते. जोड सरसानं चिकटवलेले. तारा अडकवायची पट्टी पितळी भांड्याच्या पत्र्यातून कापलेली. मग त्यानं मला मानेवरच्या पट्ट्या मोजायला सांगितल्या. माझ्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर रोज असतो, घरातल्या या वस्तूला मात्र तो कधी लागला नव्हता. एकही पट्टी दुसरीसारखी जाड भरली नाही. प्रत्येक हातानं कानस मारून बसवलेली. कारखान्यातलं नाही हे, तो म्हणाला, साठेक वर्षांपूर्वी एका माणसानं एकट्यानं केलंय, आणि त्याचा हात फार चांगला होता.

नाव बघायला म्हणून त्यानं बारका आरसा आत सरकवला आणि मोबाइलचा उजेड पाडला. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, आतून कुणी पुसलं? मला आरशात दाखवलं. पाठीच्या फळीवर दोन ओळींचा जांभळा फराटा होता. ओली केली की शाईसारखी उमटते ती सुतारांची पेन्सिल, त्यानं सांगितलं. आता त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. जुन्या वाद्याच्या पोटात फडकं घालायचं नसतं, एवढंच तो म्हणाला. मला तिथं बसवेना.

घरी येऊन अण्णांच्या शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, "अण्णा, खरंय. काकांनीच केलंय ते."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला आजही आठवतं. "मंग! वाचलंस का न्हाई? वाच बरं, ऐकू दे."

मी खोटं बोललो. नाव आणि गाव असणार, या अंदाजानं काकांचं नाव आणि गाव म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. "आन् खालची वळ?"

माझ्याकडं खालची ओळ नव्हती. ते कान माझ्याकडं करून थांबले होते. शेवटी म्हणालो, "पुसली गेली, अण्णा. खंडेनवमीला मीच पुसलं."

"समदंच?"

"सगळंच."

ते परत सरळ बसले. मग अगदी हळू म्हणाले, "फोटो न्हवता रे दादाचा. तेवढं अक्षरच व्हतं."

खालच्या ओळीत काय होतं हे विचारायचं तोंड मला नव्हतं. आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले.