गोमादादांची चाळीस मिनिटं

गोमादादा म्हात्रे कामावर आले की हजेरी लावण्याआधी थेट ट्रान्सफॉर्मरपाशी जात. त्याच्या कोमट लोखंडावर तळहात टेकवून डोळे मिटून उभे राहत. सत्तावन साली बेलापूरच्या खाडीलगतच्या सबस्टेशनात मी बदलून आलो, तेव्हा मला वाटलं, नमस्कार करताहेत.

"नमस्कार कसला?" ते म्हणाले. "बरा हाय का बगतो. मीटर उशिरा बोलतो."

ते इथलेच, आगरी, सातवी शिकलेले. पनवेलचे तारमास्तर त्यांचे दोस्त. काही दिवशी बॅटरी काढून ठेवली तरी तारायंत्राच्या तारेत वीज खेळते, सूर्यावर वादळ झालं की असं होतं, असं मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं. दादांनी त्या तारखा आमच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. नेमक्या त्याच दिवशी आमचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरला होता. अशा वादळाने पृथ्वीचं चुंबकत्व हललं की लांबलांब तारांमध्ये जमिनीतून नको ती वीज शिरते आणि ट्रान्सफॉर्मर आतून तापतो, हे मी डिप्लोमाच्या पुस्तकात कुठेतरी वाचलं होतं. दादांनी ते हाताने ओळखलं होतं.

असा दिवस आला की ट्रान्सफॉर्मर थोडा वेळ बंद ठेवू द्यावा, असा त्यांनी साहेबांना अर्ज केला. साहेब हसले. "म्हात्रे, ते बर्फातल्या देशांत होतं. आपल्याकडे सूर्य फक्त घाम काढतो."

दादा बाहेर आले आणि मला म्हणाले, "हसू दे. तापला की तो कोनाला इचारत नाय."

पुढे दोनेक वर्षांनी, एका संध्याकाळी दिवेलागणीला, ट्रान्सफॉर्मर असा काही घुमू लागला की कंट्रोल रूमच्या काचा थरथरल्या. मीटरचा काटा जागेवर ठरेना. दादांनी तळहात टेकवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. साहेबांना फोन लावला. लाइनीत नुसती खरखर.

"साहेब, थोडा वेल बंद ठेवू द्या!"

"चालू ठेवा. उगाच गावं अंधारात घालू नका," एवढंच ऐकू आलं.

दादांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "तू बाहेर हो. तुजी सही नको यात." आणि स्वतःच्या हाताने ब्रेकर पाडला. घुमणं थांबलं. पलीकडच्या गावांतले सगळे दिवे गेले. चाळीस मिनिटांनी दुसऱ्या लाइनवरून वीज फिरवली.

त्या चाळीस मिनिटांत तिथल्या दवाखान्यात एका बाईचं बाळंतपणाचं ऑपरेशन चाललं होतं. दिवाळे गावच्या पांडू नाखव्याची बायको. डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात हात चालवला. मूल हाती लागलं, बाई गेली. उजेड असता तरी ती वाचलीच असती असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दिवाळ्याला गेले. मी सोबत होतो. पांडू ओट्यावर बसला होता, आत मूल रडत होतं.

"मीच बत्ती बंद केली व्हती," दादा म्हणाले.

पांडूने मान वर केली. "मशीन वाचली ना तुमची?"

"वाचली."

"बरं झालं." तो उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

दादांना निलंबित केलं. महिन्याभराने ट्रान्सफॉर्मर उघडला, तेव्हा गाभ्याजवळ तारांना गुंडाळलेला कागद जळून कोळसा झालेला. आणखी थोडा चालला असता तर तेल पेटून आम्ही दोघंही गेलो असतो. अहवालात मात्र 'जुनं यंत्र' एवढंच कारण आलं. सूर्याचं नाव कुणी लिहिलं नाही. दादांना परत बोलावलं. ते सांगायला मी धावत त्यांच्या घरी गेलो.

"दादा, तुमचंच बरोबर होतं!"

"मना ठाव व्हतं," ते म्हणाले. "पन फोन हाताशीच व्हता रे. दवाखान्याला दोन शब्द सांगायचं सुचलंच नाय. तू आदी त्यांना सांग. मंग बंद कर."

ते कामावर परतले नाहीत. मिठागरावर जायला लागले आणि दोन पावसाळ्यांत खंगून गेले.

पुढे दुसऱ्या एका सबस्टेशनात माझ्यावर तीच वेळ आली. ट्रान्सफॉर्मर घुमत होता. मी आधी दवाखान्याला फोन केला. पलीकडून डॉक्टर ओरडले, "वीस मिनिटं थांबा! पोट उघडलंय!"

मी सगळ्यांना कुंपणाबाहेर पाठवलं, आणि ब्रेकरवर हात ठेवून एकटा वीस मिनिटं उभा राहिलो.