लेंडीवाले काकाजी

काकाजींच्या शर्टाच्या खिशात दोन डब्या असत. एकीत तंबाखू आणि दुसरीत सांबराच्या लेंड्या. दोन्ही पितळेच्या, दिसायला सारख्याच. एकदा भिवापूरहून नागपूरला येणाऱ्या एसटीत शेजारच्या गृहस्थांनी चिमूटभर तंबाखूसाठी हात पुढे केला, तेव्हा काकाजींनी मुद्दाम दुसरी डबी उघडून धरली. "घ्या ना बाप्पा, ताजीच हाय. कालची," म्हणाले. ते गृहस्थ उमरेडपर्यंत उभ्याने आले.

काकाजी वनखात्याकडे रोजंदारीवर होते. त्यांचं गाव अभयारण्याला अगदी लागून. मी राहते धरमपेठेत. नोकरी सांभाळून एका लहानशा संस्थेच्या नोंदी ठेवते, कारण याद्या करणं हे एकच काम मला मनापासून आवडतं. आमची संस्था सांबरांवर काम करते. जंगलात येणाऱ्या प्रत्येकाला वाघ हवा असतो. सांबर गाडीसमोर आलं तर लोक "अरे, सांबरच आहे" म्हणून पुढे जातात. ते कमी होत चाललंय, हे मात्र फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि मे महिन्यात, आम्ही स्वयंसेवक घेऊन जायचो. आखून दिलेल्या रेघेवरून चालायचं, ठरलेल्या जागी दोरीची चौकट टाकायची आणि तिच्यात लेंड्यांचे किती पुंजके आहेत ते मोजायचं. सांबर दिसण्याची गरज नसते. ते येऊन गेलं एवढं कळलं की पुरे.

हे कसं ओळखायचं, ते काकाजी शिकवत. डबीत कागदाच्या पुड्या असत: आजची लेंडी, आठ दिवसांची, महिन्याची. ताजी चकाकते, मग तडे जातात, मग ती फिकट होते. नागपूरची कॉलेजची पोरं नाक मुरडत. "वास घे गा, अत्तर नाही म्हून काय झालं," काकाजी म्हणत. "तो काय जेवला ते त्याच्या तोंडाले कोण विचारन?" मोठा ढीग दिसला की पोरं आनंदाने ओरडायची. त्यावर काकाजी शांतपणे सांगत, "थे रोही हाय. रोही मोठी शिस्तीची, रोज एकाच जागी बसते. सांबर म्हणजे तुमच्यासारखं. जिथं मन झालं तिथं."

रोही म्हणजे नीलगाय, हे मी वहीत लिहून घेतलं.

रेघेवर पाय ठेवण्याआधी मात्र ते लेंड्यांची डबी माझ्या हातात देत. "मोजाले जाताना खिसा खाली पाह्यजे," एवढंच बोलत. मी ती पर्समध्ये ठेवायची. घरी कोणाला हे सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी काही चौकटींत काहीच मिळालं नाही. मी ते रकाने कोरे सोडले. संध्याकाळी काकाजींनी फॉर्म उलटेपालटे करून पाहिले.

"म्याडम, हे खाली काहून सोडले?"

"काही सापडलं नाही म्हणून."

"मंग शून्य लिवा ना. खाली म्हणजे आपून गेलोच नाही. शून्य म्हणजे गेलो, वाकून पाह्यलं अन् नाही भेटलं. माह्या गुडघ्याची मजुरी हाय थे, उडवू नका."

मी सगळी शून्यं भरली. वीस वर्षं याद्या करणाऱ्या बाईला हे कोणी तरी शिकवायला हवंच होतं.

मग नाल्याचा प्रश्न आला. अभयारण्याची हद्द वाढवायचं घाटत होतं आणि नाल्याकाठचा जंगलपट्टा आत घ्यायचा की नाही, यावर वाद होता. आत आला नाही तर तिथे गिट्टीची खदान होणार, अशी चर्चा गावात होतीच. हद्द ठरवणाऱ्या समितीने आमच्याकडे त्या वर्षीची मे महिन्याची मोजणी मागितली. आम्ही गेलो, तर नाल्याच्या रेघेवर एकाही चौकटीत काही नाही.

माझा स्वभाव कामाचा निकाल लावण्याचा. मी म्हटलं, "काकाजी, रेघ जरा वर टेकडीकडे घेऊ. तिकडे लेंड्या आहेत, मी पाहिल्यात."

एक पोरगा म्हणाला, "किंवा म्याडमच्या पर्समधल्या दोन टाकून द्या. विषय संपला."

सगळे हसले. मीही हसले. काकाजी दोरी गुंडाळत होते, ते थांबले.

"पोट्टे हो, हे जंगल माह्या घरामागं हाय. खदान आली तं पहिला गोटा माह्याच छपराच्या कवेलूवर पडन. तरी सांगून राहिलो, शून्य लिवा."

मी लिहिलं. फॉर्म तसाच गेला, पट्टा तूर्त वगळला गेला, आणि मी काकाजींवर चिडले. त्यांचं नुकसान होणार होतं आणि राग मी धरून बसले होते. सहा महिने फोन केला नाही. दिवाळीला कोणाच्या तरी हाती लाल मिरच्यांची पिशवी आली. सोबत निरोप होता: "रागात तिखट जास्त लागते. ठेवा घरात."

हिवाळ्यात नवे वनाधिकारी आले. त्यांनी आमच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी मागवल्या. मी सुबक बेरजा करून पाठवल्या. ते म्हणाले, "बेरजा नकोत, मूळ फॉर्म आणा." मी गठ्ठा नेला. त्यांनी ते टेबलावर दोन रांगांत मांडले, एक हिवाळ्याची आणि एक मेची. नाल्याच्या रेघेवर दर हिवाळ्यात लेंड्या होत्या आणि दर मेमध्ये शून्य. मी दोन्ही मिळवून वर्षाचा एक आकडा करत होते, त्यामुळे मला हे कधी दिसलंच नव्हतं.

"मेमध्ये जातात कुठे ती?" साहेबांनी विचारलं. टेकडीवरच्या लेंड्या मी पाहिल्या होत्या, पण त्या याच सांबरांच्या, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकाजींना बोलावलं.

"तेंदूपत्त्याले माणसं पहाटेपासून फिरतात ना. थे वर पहाडीवर बांबूत जातात. पाऊस लागला का खाली."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी जरा तावातावानेच विचारलं.

"विचारलं कुठं कोणी? सगळे किती हाय, किती हाय, तेच विचारून राहिले होते."

नव्या प्रस्तावात नाला होता, टेकडी होती आणि मधला उतारही होता. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांशी काकाजी स्वतः बोलले; गावातल्या बायांनी उतार सोडून दुसऱ्या अंगाने जायचं कबूल केलं. पुढच्या मेमध्ये टेकडीवर नवी रेघ आखली, तिथे चौकटी भरलेल्या निघाल्या. मंजुरीला वेळ लागला, पण ती आली. खदानीची चर्चा हळूहळू बंद झाली.

तोवर काकाजींचे गुडघे पार गेले होते. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात आहे, त्याच्याकडे राहायला जायचं ठरलं. निघण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि भर दुपारी टेकडीवर नेलं. दर वीस पावलांवर बसत होते. वर एका खडकाआड, बांबूच्या दाट सावलीत, चिखलाचा एक खळगा होता. कडेच्या झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चिखल माखलेला. सांबरांची लोळायची जागा, लोळण. चिखलात मोठे खूर उमटले होते आणि त्यांच्या बाजूला दोन बोटांएवढे लहान.

मी वही काढली.

"ठेवा थे," काकाजी म्हणाले. "हे रेघेवर नाही. रेघेवर नाही, तं फॉर्मातही नाही."

"पण काकाजी, तेव्हा ही जागा दाखवली असती तर एका दिवसात काम झालं असतं."

"दाखवली असती तं फोटोवाले आले असते. सांबर गेलं असतं. मंग तुमच्या हद्दीत काय ठेवलं असतं, दगड?"

मी वही बंद केली. काकाजींनी तंबाखू मळली आणि सुनेला भाजीत मीठ कमी लागतं, ही एकच तक्रार सांगितली.

त्या जंगलातल्या प्रत्येक रेघेची, प्रत्येक पाणवठ्याची माझ्याकडे यादी आहे. लोळण कुठल्याच यादीत नाही. दर मेमध्ये मोजणी आटपली की मी पोरांना गाडीपाशी बसवते, वही तिथेच ठेवते आणि एकटी वर जाऊन येते. खाली आल्यावर बुटीबोरीला फोन लावते.

"काकाजी, चिखल ओला आहे."

"बरं," ते म्हणतात. "लवकर निघा आता, ऊन चढून राहिलं."