मागची सीट नसलेली गाडी

दोन सीटची स्पोर्ट्स कार का घेतली, असं लोक विचारतात तेव्हा मी वेगाचं काहीतरी सांगतो. खरं कारण असं, की मागची सीट असलेली गाडी आमच्या संस्थेत कोणाचीच स्वतःची राहत नाही.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. माझी आधीची पांढरी, चार दारांची गाडी दहा वर्षं संस्थेच्या कामाला होती. सेवाग्राम स्टेशनवरून वक्ते आणायचे, हार आणायचे, वृक्षारोपणाची रोपं डिकीत घालायची, संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नात पाहुणे पोचवायचे. आदल्या संध्याकाळी फोन येई, ‘सर, उद्या गाडी रिकामी आहे ना?’ मी रिकामा आहे हे धरलेलंच असे. एकदा नाचणगावच्या कार्यक्रमाला समई मागच्या सीटवर आडवी टाकून नेली, तेलासकट. त्यानंतर ती सीट कायम नुकतीच आरती झाल्यासारखी वास मारायची.

ती गाडी विकली आणि नागपूरच्या एका डॉक्टरांची वापरलेली निळी स्पोर्ट्स कार घेतली. छत दुमडणारी, जमिनीला पोट लावून चालणारी. डॉक्टर हाडांचे, आणि त्यात चढताउतरताना कंबर त्यांचीच धरली होती.

बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली. ‘दोघंच बसतात?’

‘दोघंच.’

‘मंग माझी बहीण आली तं तुमी पायी याल.’

कॉलेजात ऑफिसचे मोठे बाबू बाहेर आले, काचेला कपाळ लावून आत बघितलं. ‘सर, मांगं काऊन सीट नाई?’

‘कंपनीनं दिलीच नाही.’

‘मंग पाहुने कुठं बसतीन?’

‘नाहीच बसणार.’

बाबूंनी काचेवरचा कपाळाचा डाग बाहीनं पुसला. मग हळूच म्हणाले, ‘बरं जमवलं तुमी.’

पण गाडी आणून ठेवली बोरगाव मेघेत, वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या वस्तीत. तिथले स्पीडब्रेकर मी तिरकी गाडी घालून, श्वास रोखून ओलांडायचो. मीटरवर दोनशेच्या पुढचे आकडे होते आणि मी चाळीसवर, म्हणजे स्वागत मिरवणुकीच्या वेगानं, भाजी आणायला जात होतो. त्यामुळे नागपूरच्या हौशी गाडीवाल्यांच्या एका मंडळाची सूचना फोनवर आली तेव्हा मी लगेच नाव दिलं. फक्त नवशिक्यांसाठी ट्रॅकवरचा एक दिवस. गाडी स्वतःची आणावी, हेल्मेट मिळेल.

ट्रॅक म्हणजे आर्वीच्या बाजूला प्लॉट पाडून तसाच पडलेला एक लेआउट. घर एकही नाही. डांबरी रस्ते आहेत, वळणं आहेत, दिव्यांचे खांब आहेत, आणि एखाद्या राजधानीला पुरेल एवढी मोठी कमान आहे. त्या रिकाम्या प्लॉटांभोवती नारिंगी प्लास्टिकचे कोन मांडून त्यांनी मार्ग आखला होता. आठ गाड्या होत्या, एका वेळी दोन सोडायच्या. प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन पाळ्या, शेजारच्या सीटवर शिकवणारं माणूस, आणि डांबर तापतं म्हणून दुपारी एकला सगळं बंद.

मला शिकवायला तिशीतली एक बाई होती. मोजकं बोलायची. आधी तिनं गाडीतलं सुटं सामान काढायला लावलं. छत्री, दोन मासिकं आणि भाजलेल्या फुटाण्यांचा पुडा निघाला. तिनं ते सगळं खांबाला टेकवून ठेवलं. मग टायरमधली हवा तपासली आणि शेजारी बसली.

पहिल्याच वळणावर मी एक कोन आडवा केला.

‘जिकडे जायचं तिकडे बघा सर. कोनाकडे कशाला बघून राहिले?’

‘तो मध्ये येतोय.’

‘तो सकाळपासून तिथंच उभा आहे. तुम्ही जाऊन राहिले त्याच्याकडे.’

ब्रेकचंही तेच. मी सवयीनं थोडा-थोडा दाबत होतो. ‘अर्ज करताय का ब्रेकला?’ तिनं विचारलं. पंधरा मिनिटं संपली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, पाच कोन पडले होते, आणि दुसऱ्या पाळीची वाट बघवत नव्हती.

मग उद्घाटन आलं. गाड्या साडेनऊपासून पळत होत्या, पण कार्यक्रम अधिकृतपणे सुरू झालेला नव्हता, कारण उद्घाटक पोचले नव्हते. लेआउटच्या मालकानं जागा देताना ती अट घातली होती. साडेदहाला इंजिनं बंद करून सगळ्यांना मांडवात बसवलं. उद्घाटक म्हणून उतरले ते आमच्याच संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा जिल्हा भाऊ म्हणतो. वाऱ्यात समई पेटेना, त्यात अर्धी काडेपेटी गेली. मग भाऊ वेगावरच्या संयमाबद्दल चाळीस मिनिटं बोलले. बारा जणांचे सत्कार झाले. त्यात पाण्याचे कॅन पोचवायला आलेला टेम्पोवालाही होता. शाली उरल्या होत्या.

माझी दुसरी पाळी अशी गेली. बाराला आयोजकांनी सांगितलं, आता प्रत्येकाला शेवटची एकच. वर्ध्यात पुन्हा कधी येणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

माझा नंबर आला. मी हेल्मेट घालून, पट्टा बांधून, इंजिन चालू करून बसलो. बाई पलीकडच्या दाराकडे येत होती, तेवढ्यात भाऊ समोर आले. खांद्यावर शाल, मागे नारळ धरलेले त्यांचे सेक्रेटरी, त्यांच्या मागे फोटोग्राफर.

‘काय हो लायब्ररी, तुमी इथं?’ मला ते कायम खात्याच्या नावानंच हाक मारतात.

मी सवयीनं उठायला गेलो. पट्ट्यानं खाली धरून ठेवलं.

‘गाडी तुमची? आमाले सांगतलं नाई.’

‘राहून गेलं, भाऊ.’

‘चाला, एक राउंड मारून आना मले. फोटो होऊन जाईन.’ त्यांनी दाराला हात घातला.

‘शेजारी शिकवणाराच बसतो, नियम आहे,’ बाई म्हणाली.

‘अगं, एकच राउंड,’ आयोजक घाईनं म्हणाले.

तिनं खांदे उडवले आणि माझ्याकडे बघितलं. ‘गाडी तुमची आहे सर. तुम्ही सांगा.’

माझ्या पेन्शनच्या कागदांवर या माणसाची सही लागणार आहे. हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट आठवलं. विसरलो असतो तर सोपं गेलं असतं.

‘नाही भाऊ,’ मी म्हणालो. ‘ती जागा यांची आहे.’

ते हसले. ‘अरे, पाच मिनिटाचा तं सवाल आहे.’

‘माझ्याकडे पंधराच आहेत.’

‘सर, भाऊ बोलून राह्यले,’ सेक्रेटरी म्हणाले. मी स्टिअरिंग सोडलं नाही तेव्हा त्यांनी भाऊंकडे वळून सांगितलं, ‘हेल्मेटात ऐकू येत नसन त्याईले.’ माणूस वाईट नाही. मला वाट करून देत होता.

मी हेल्मेटची काच वर केली. ‘चांगलं ऐकू येतंय.’

भाऊंनी दारावरचा हात काढला. ‘ठीक आहे. सोमवारी या ऑफिसात,’ ते म्हणाले, आणि शाल सावरून मांडवाकडे गेले. आयोजक त्यांच्या मागे धावले. बाई आत बसली, पट्टा बांधला.

पहिल्या फेरीत मी दुसऱ्या गिअरवरच होतो. ‘गिअर,’ ती म्हणाली. ‘वर टाका. अजून.’ प्लॉटांच्या नंबरांच्या पाट्या वाचता येईनाशा झाल्या. मांडव डावीकडून आला आणि पांढऱ्या खुर्च्यांसकट मागे गेला. तिसऱ्या फेरीत वळण चुकलं, गाडीचा मागचा भाग एकदम बाजूला सरकला आणि एक कोन पुढच्या बंपरखाली फरफटत आला. घाबरलो नाही असं नाही. तिनं कोन काढून बाजूला ठेवला आणि घड्याळ बघितलं. ‘सहा मिनिटं आहेत. चला.’ ती सहाही मिनिटं मी वापरली. फार चांगली नाही चालवली. मीच चालवली.

सोमवारी अध्यक्षांच्या दाराबाहेर दीड तास बसवलं. माझ्याकडे पुस्तक होतं. आत बोलावलंच नाही, मेमो हातात दिला. जाहीर कार्यक्रमातील वर्तनामुळे संस्थेच्या प्रतिमेस बाधा पोचली, तरी लेखी खुलासा करावा.

‘सर, शेवटी दिलगिरीचा एक शब्द टाका,’ बाबू म्हणाले. ‘मीच टाइप करून देतो.’

‘नको.’

मी हातानंच लिहिलं: ‘सदर वाहनात दोनच आसने आहेत. एकावर मी होतो, दुसरे प्रशिक्षकांचे होते. त्यामुळे जागा रिकामी नव्हती.’ बाबूंनी ते दोनदा वाचलं. ‘मराठी तं चांगली आहे,’ म्हणाले, आणि आवकचा शिक्का मारून पोच दिली.

आठवड्याभरात परीक्षा विभागाचं जादा काम माझ्याकडे आलं. ते मी करतो. खुलाशावर पुढं काय झालं ते अजून कळवलेलं नाही. गाडी मी रोज कॉलेजात नेतो आणि अध्यक्षांच्या गाडीला लागून उभी करतो, कारण कडुनिंबाची सावली तिथेच पडते.