घडीतून उठलेल्या माश्या

अकोल्याच्या जुन्या शहरात मनकर्णाबाई बावीस वर्षं लग्नपत्रिका करत होत्या. उघडली की आत कागदाचा मांडव उभा राहतो, तसल्या. त्यातली एक वर्षालीच्या हाती पडली आणि ती पत्ता काढत थेट बाईंच्या दारात आली.

वर्षाली अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिथे धर्मेंद्रसर मधमाशीएवढे उडते रोबो बनवत. पंख, सांधे, सगळं भिंगाखाली चिमट्यानं चिकटवायचं. आठवड्याला जेमतेम एक माशी व्हायची, तीही वाकडी.

वर्षालीनं बाईंना तिथे नेलं. बाईंनी भिंगातून पाहिलं. "एकेक चिकटवता काहून? सपाट हाये तवाच सारे थर एकावर एक दाबा, संगंच कापा. भवताल चौकट ठेवा. चौकट उचलली का साऱ्या घड्या एकदम उठतीन."

चार महिने दर शनिवारी त्या अमरावतीला गेल्या. पातळ पत्रे घडीवर तडकत. बाईंनी मधे प्लॅस्टिकचा पापुद्रा घालायला लावला. अखेर एका पत्र्यातून वीस माश्या एका झटक्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या सतरा उडाल्या.

कॉलेजातल्या प्रदर्शनाच्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून गेल्या. फलकावर सरांचं नाव होतं, तीन विद्यार्थ्यांची होती. बाईंच्या हाती पाहुण्यांना वाटायचं पेढ्यांचं ताट आलं.

त्यांची कानशिलं तापली. ताट त्यांनी टेबलावर आदळलं. "सर, माहं नाव कुठी हाये?"

"बाई, पाहुणे आहेत. आणि हे तंत्र परदेशात आहेच की."

"मंग चार महिने मले काहून बोलावून राहिले होते?"

सर घाईनं पत्र्याकडे वळले. चौकट उचलली, ती तिरपी गेली. वीसच्या वीस माश्या चुरगळल्या. दुसरा पत्रा त्यांनी बाईंपुढे सरकवला.

"आधी नाव," बाई म्हणाल्या.

सगळ्यांसमोर सरांनी पेन काढून फलकावर लिहिलं, 'मनकर्णिका'.

"मनकर्णा. खोडा. नीट लिहा."

त्यांनी खोडलं, नीट लिहिलं. तेव्हा कुठे बाईंनी चौकटीला हात लावला आणि माश्या उठल्या. टाळ्या पडल्या. वर्षाली रडत होती. बाईंनी तिच्याकडेही पाहिलं नाही. फलक लागला तेव्हा ती गप्प का बसली होती?

आता कॉलेज त्यांना घडी शिकवायला बोलावतं. बाई जातात, मन लावून शिकवतात. सरांनी पुढे केलेल्या चहाला मात्र अजून हात लावत नाहीत.