बाबांच्या स्कॅनरचा नॉब

बाबांच्या रेडिओ स्कॅनरचा नॉब त्यांनी नुसतं बोट लावलं तरी भलतीकडेच पळायचा. विमानतळावरचा माणूस पायलटशी काय बोलतो ते ऐकणं, रिटायर झाल्यावर एवढाच त्यांचा नाद उरलेला. "अरे, बघ ना जरा, हा एका जागी ठरतच नाही," हे महिनाभर चाललेलं. दिवसभर मशिनींशी डोकं लावून मी घरी येणार आणि इथेही तेच! शेवटी वैतागून उघडला. वागळे इस्टेटच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सैल नॉबखाली फेल्टची चकती घालून घट्ट ग्रीस भरतात. तेच केलं. माझ्या हातात नॉब झकास फिरला. "घ्या, आता पळणार नाही," म्हणून मी स्कॅनर त्यांच्यापुढे ठेवला.

बाबांनी नॉब धरला. त्यांची बोटं थरथरत होती आणि नॉब जागचा हलेना. त्यांनी दुसरा हात लावला, तरी नाही. तेव्हा कळलं, नॉब पहिल्यापासून ठीकच होता. मी गुपचूप स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"राहू दे रे," ते म्हणाले, "मस्त झालंय." आणि एकाच जागी अडकलेली ती खरखर कान देऊन ऐकत बसले.